मलमाला न जुमानणारी खाज

खाज म्हटली की आपल्या घरात औषध तयार असतं. अंगावर पित्त उठलं की आमसुलाचं पाणी लावायचं, घामोळ्यांवर चंदन उगाळायचं, गजकर्णाला केमिस्टकडून ट्यूब आणायची, आणि यातलं काहीच लागू पडेना तर सेट्रिझीनची गोळी घेऊन झोपायचं. पण एक खाज अशी आहे, जी यातल्या कशालाच दाद देत नाही. ती बहुधा तळहात-तळपायांपासून सुरू होते, दिवेलागणीनंतर वाढते आणि रात्री डोळ्याला डोळा लागू देत नाही. दिव्याखाली हात धरून पाहावं तर ना पुरळ, ना गांधी, ना चट्टा. ओरखडे दिसतात, पण ते ज्याचे त्यानेच नखांनी काढलेले. बरं, खाजवून समाधानही नाही. डास चावल्यावर खाजवलं की घटकाभर बरं वाटतं, तेवढंही इथे वाट्याला येत नाही.

अशा माणसाच्या कातडीत मुळात काही बिघडलेलं नसतं. बिघाड असतो यकृतात, नाहीतर यकृतातून पित्त वाहून नेणाऱ्या नळ्यांत. आणि तो सापडेपर्यंत बराच काळ मलमांवर जातो.

पहिला संशय येतो खरजेचा, कारण तिचीही खाज रात्रीच जोर करते. मग घरातल्या सगळ्यांना मानेपासून पायापर्यंत परमेथ्रिन फासून होतं, चादरी उकळून होतात. नीट पाहिलं तर दोन्हींतला फरक कळतो. खरूज बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कमरेशी बारीक पुटकुळ्या उठवते आणि सहसा घरातलं आणखी कोणीतरी खाजवत असतं. यकृताच्या खाजेत माणूस एकटाच खाजवतो. अनुभवी डॉक्टर रुग्णाची पाठ उघडी करून पाहतात. दोन्ही खांद्यांच्या पात्यांमधला भाग, जिथे आपला हात पोहोचत नाही, तो स्वच्छ असतो आणि त्याच्या भोवती ओरखडे असतात. त्या कोऱ्या जागेचा आकार फुलपाखरासारखा दिसतो. याचा अर्थ एवढाच की ओरखडे आधी नव्हते, खाज आधी होती. नखंही बोलतात. महिनोन्‌महिने कातडीवर घासून ती पॉलिश केल्यासारखी चकचकीत झालेली असतात.

अर्थात पुरळ नसलेली खाज मूत्रपिंडाच्या आजारात येते, थायरॉइडच्या तक्रारीत येते, रक्ताच्या काही आजारांतही येते. म्हणून काही आठवडे टिकलेल्या अशा खाजेसाठी रक्त तपासणं हाच शहाणपणा. पण इथेही एक फसगत होते. रिपोर्टमध्ये बिलिरुबिन नॉर्मल दिसलं की ‘लिव्हर ठीक आहे’ म्हणून कागद मिटला जातो. ही खाज कावीळ दिसण्याच्या कितीतरी आधी, कधी काही वर्षं आधीही, सुरू होऊ शकते. बघायचं ते अल्कलाइन फॉस्फेटेज आणि गॅमा जीटी या दोन आकड्यांकडे. पित्त तुंबायला लागलं की आधी हे चढतात.

पित्त तुंबणं म्हणजे काय, ते थोडं पाहू. यकृत पित्ताम्लं तयार करतं, ती पित्तनळीतून आतड्यात उतरतात, चरबी पचवायला मदत करतात आणि लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाला पुन्हा शोषली जाऊन रक्तावाटे यकृताकडे परततात. सुमारे ९५ टक्के माल असा परत येतो. शरीरात एकूण पित्ताम्लं असतात ती जेमतेम तीन-एक ग्रॅम, पण तीच दिवसातून अनेक फेऱ्या मारतात. या वाटेत कुठेही अडथळा आला की जे आतड्यात जायचं ते रक्तात साचतं. अडथळा मोठ्या नळीतला खडा असेल, स्वादुपिंडाच्या डोक्याशी वाढलेली गाठ असेल, किंवा यकृताच्या आतल्या सूक्ष्म नळ्यांचा आजार असेल. ‘प्रायमरी बिलिअरी कोलँजायटिस’, म्हणजे पीबीसी, हा त्यातला खाजेसाठी सर्वांत बदनाम. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच पित्तनलिकांवर उठते. रुग्ण बहुसंख्येने चाळिशी-पन्नाशीतल्या बायका. २०१५ पर्यंत या आजाराच्या नावात ‘सिऱ्होसिस’ हा शब्द होता. तो काढला, कारण बहुतेक रुग्णांना निदानाच्या वेळी सिऱ्होसिस नसतोच, आणि त्या शब्दाने लोक दारूचा संशय घेत.

औषधांनीही पित्त तुंबतं. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड हे घरोघरी ठाऊक असलेलं अँटिबायोटिक, क्वचित का होईना, हे करतं, आणि कधी कधी गोळ्यांचा कोर्स संपून काही आठवडे गेल्यावर करतं. त्यामुळे संबंध कोणाच्या लक्षात येत नाही. जिममध्ये अंग भरावं म्हणून घेतलेली अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉइड्स तर यासाठी प्रसिद्धच आहेत. अशा तरुणांची खाज स्टेरॉइड थांबवल्यावरही आठवडे, कधी महिने पिच्छा सोडत नाही.

मोठी नळी अडली असेल तर खूण वेगळी आणि ठळक असते. लघवी चहासारखी गडद आणि शौच पांढुरकं, मातकट. चरकाने कामलेच्या, म्हणजे काविळीच्या, एका प्रकारात शौचाला वाटलेल्या तिळांची उपमा दिली आहे, ती याच परिस्थितीला बसते. इथे खाजेवर औषध शोधत बसायचं नसतं. सोनोग्राफी करून अडथळा गाठायचा, दुर्बिणीतून खडा काढायचा किंवा नळीत स्टेंट बसवायचा. पित्त वाहतं झालं की खाज काही दिवसांतच ओसरते. गावोगावी कावीळ ‘उतरवून’ देणारे असतात. कोणी गळ्यात मुळ्यांची माळ घालतो, कोणी तळहाताला चुना चोळून पिवळं पाणी काढून दाखवतो. दूषित पाण्यातून होणारी हिपॅटायटिस ए किंवा ई ची कावीळ बहुतेकांची आपली आपणच उतरते आणि श्रेय माळेला मिळतं. नळीत गाठ असलेल्या माणसाचे मात्र तेवढे आठवडे फुकट जातात, आणि त्याला तेच परवडणारे नसतात.

आता रक्तात साचलेल्या मालातलं नेमकं काय खाजवतं? सरळ उत्तर वाटतं पित्ताम्लं. पण रक्तातली पित्ताम्लं मोजली तर आकडा आणि खाज यांचा मेळ बसत नाही. कोणाची पित्ताम्लं आभाळाला टेकलेली आणि खाज नावालाही नाही. कोणाची जरा वाढलेली आणि तो रात्रभर जागा. अमेरिकेत नोरा बर्गासा आणि अँथनी जोन्स यांनी संशय घेतला शरीरातल्याच अफूसदृश रसायनांवर. मॉर्फिन टोचलं की अनेकांना खाज सुटते, हे सर्वांना ठाऊक होतं. त्यांनी मॉर्फिनचा उतारा असलेलं नॅलोक्सोन पित्त तुंबलेल्या रुग्णांना दिलं. रुग्णाच्या सांगण्यावर विसंबायला नको म्हणून नखाला कंपन टिपणारा छोटा सेन्सर चिकटवला आणि माणूस किती खाजवतो तेच मोजलं. नॅलोक्सोनवर खाजवणं कमी झालं. २०१० साली ॲमस्टरडॅमच्या गटाने वेगळाच धागा पकडला. अँड्रियास क्रेमर आणि सहकाऱ्यांना अशा रुग्णांच्या रक्तात चेतापेशींना डिवचणारं लायसोफॉस्फॅटिडिक ॲसिड आणि ते तयार करणारं ऑटोटॅक्सिन हे एन्झाइम वाढलेलं सापडलं. ऑटोटॅक्सिनचा आकडा खाजेच्या तीव्रतेशी जुळत होता आणि उपचाराने खाज उतरली की तोही उतरत होता. त्यानंतर २०१९ च्या सुमारास माणसाच्या संवेदना वाहणाऱ्या चेतापेशींवर पित्ताम्लं आणि बिलिरुबिन या दोघांनाही ओळखणारा एक ग्राहक सापडला, आणि बाजूला टाकलेली पित्ताम्लं पुन्हा आरोपींच्या पिंजऱ्यात आली. एकच गुन्हेगार बहुधा नाहीच. हिस्टामिन मात्र यात फारसं कुठे नाही, आणि सेट्रिझीन काम तरी कशावर करते? हिस्टामिनवरच. म्हणून ती गोळी इथे निष्फळ. झोप आणणाऱ्या जुन्या अँटिहिस्टामिन गोळ्यांनी डोळा लागतो, एवढाच काय तो लाभ. सिऱ्होसिस झालेल्या माणसाला मात्र ती गुंगी धोक्याची असते, कारण यकृत निकामी होताना येणारी भ्रमिष्टता त्या गुंगीत लपून राहते.

खाजेच्या तीव्रतेवरून यकृत किती खराब झालंय हे ठरवता येत नाही, हे रुग्णाला आवर्जून सांगायला हवं. पीबीसीत आजार शेवटच्या टप्प्यात गेल्यावर काहींची खाज उलट कमी होते. आणि याच्या दुसऱ्या बाजूला, ज्याचे रिपोर्ट बरे आहेत त्याची खाज खोटी ठरत नाही. ओपीडीत आकडे चांगले दिसले की डॉक्टरही खूष असतात, पेशंट समोर बसून मनगट खाजवत असतो. वेदनेला जी प्रतिष्ठा आहे ती खाजेला नाही. चारचौघांत खाजवणं अशोभनीय, म्हणून लोक ती लपवतात. नारळाच्या काथ्याने पाय घासणारे, पहाटे थंड फरशीवर तळपाय टेकवून बसणारे रुग्ण असतात. पण विचारल्याशिवाय हे कोणी सांगत नाही. महिनोन्‌महिने झोप न मिळाल्याने माणूस खचतो. या खाजेपायी जीव नकोसा झाल्याचं सांगणारे रुग्ण यकृततज्ज्ञांना नवे नाहीत. ब्रिटनमध्ये पीबीसीच्या दोन हजारांहून जास्त रुग्णांची पाहणी झाली. त्यांतल्या सत्तर टक्क्यांहून अधिक जणांना कधी ना कधी खाज झालेली होती. सततची खाज असलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांना पहिल्या पायरीचं औषधही मिळालेलं नव्हतं. ही तऱ्हा तिथल्या व्यवस्थेची. खाज किती आहे, शून्य ते दहा या मापात सांगा, एवढा एक प्रश्न प्रत्येक भेटीत विचारला तरी बरंच हलेल, असं मला वाटतं.

औषधांची पायरी ठरलेली आहे आणि तिची सुरुवात होते कोलेस्टायरामिनने. १९६०च्या आसपासचं हे औषध रक्तात शिरतच नाही. आतड्यात पित्ताम्लांना चिकटतं आणि त्यांना शौचावाटे बाहेर घेऊन जातं. चार ग्रॅमची पुडी, दिवसाला एक ते चार. चव म्हणाल तर नदीची वाळू पाण्यात कालवून प्यावी तशी. फळांच्या रसात किंवा सरबतात आदल्या रात्री भिजवून फ्रिजमध्ये ठेवली तर घशाखाली जरा बरी उतरते. कोरडी तोंडात टाकायची नाही. पित्ताशय जागेवर असेल तर एक पुडी न्याहारीच्या आधी आणि एक नंतर, कारण रात्रभर साठलेलं पित्त न्याहारीलाच आतड्यात येतं. खरी मेख पुढे आहे. ही भुकटी जे भेटेल त्याला चिकटते. थायरॉइडची गोळी, रक्त पातळ करणारी गोळी, आणि यकृतासाठीच दिलेलं अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिडसुद्धा. बाकीच्या गोळ्या पुडीच्या किमान तासभर आधी किंवा चार तास नंतर घ्यायच्या. सकाळच्या चहाबरोबर सगळं एकदम गिळणाऱ्या आपल्या सवयीत ही पुडी बसत नाही, आणि ‘औषध लागू पडलं नाही’ म्हणणाऱ्या कित्येकांची गोष्ट इथेच संपते. बद्धकोष्ठ होतं. दीर्घकाळ घेतल्यास अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वं कमी पडतात. नळी पूर्ण बंद असेल तर पित्त आतड्यात पोहोचतच नाही, मग पुडीचा उपयोग शून्य.

दुसरी पायरी ऐकून आपल्याकडचे नातेवाईक दचकतात: रिफॅम्पिसिन. होय, क्षयाचंच ते. १५० मिलिग्रॅमपासून सुरू करून जास्तीत जास्त ६०० पर्यंत जातात. ते यकृतातली काही एन्झाइम जागी करतं आणि ऑटोटॅक्सिनची निर्मितीही दाबतं, असं ॲमस्टरडॅमच्याच गटाने दाखवलं. लघवी, घाम, डोळ्यांतलं पाणी नारिंगी होतं. आधी सांगितलं नाही तर काविळीच्या माणसाच्या घरात आणखी धांदल उडते. यकृताच्या रुग्णाला यकृतालाच इजा करू शकणारं औषध द्यायचं, म्हणून सुरुवातीला दर काही आठवड्यांनी रक्ततपासणी लागते. आकडे चढले तर ते बंद करायचं. गर्भनिरोधक गोळ्यांसह अनेक औषधांचा असर ते उतरवतं. आणि भारतात एक जास्तीची काळजी: रुग्णाला लपलेला क्षय नाही ना, याची खात्री आधी करायला हवी. सक्रिय क्षयात एकटं रिफॅम्पिसिन दिलं तर जंतू त्याला सरावतात आणि उद्या हुकमी औषधच हातचं जातं.

पुढे नॅलट्रेक्सोन आहे, बर्गासा-जोन्सच्या विचारातून आलेलं. ते अगदी कमी मात्रेने सुरू करावं लागतं, कारण पहिले काही दिवस अफू सुटलेल्या माणसासारखी घालमेल होते. सर्ट्रालिन हे नैराश्यावरचं औषध नैराश्य नसलेल्यांचीही खाज कमी करतं. बेझाफायब्रेट ही तर कोलेस्टेरॉलवरची जुनी गोळी. नेदरलँड्स आणि स्पेनमध्ये ७० रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. तीन आठवड्यांत ४५ टक्के रुग्णांची खाज निम्म्याने किंवा त्याहून जास्त उतरली, नुसत्या साखरेच्या गोळीवर ११ टक्क्यांची. ही सगळी औषधं यकृततज्ज्ञाच्या देखरेखीखालचीच, हे वेगळं सांगायला नको. उलट घरगुती ‘लिव्हर टॉनिक’ला कोणाची देखरेख लागत नाही, आणि तिथेच घोळ होतो. कोविडच्या काळात गुळवेलीचे काढे पिऊन यकृताला सूज आलेले सहा रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ साली नोंदवले. त्यावर वाद झाला. पण आधीच आजारी असलेल्या यकृतावर प्रयोग करू नयेत, याला वादाची गरज नाही.

गरोदरपणातल्या खाजेबद्दल थोडं सविस्तर. पोटावर खाज सुटली की घरातली वडीलधारी बाई म्हणते, बाळाला जावळ भरपूर आहे. पोटावरची कातडी ताणते, तिथे खाज येतेच. पण सातव्या-आठव्या महिन्यात पुरळ नसताना तळहात-तळपाय खाजायला लागले, रात्री झोप येईना, तर ती जावळाची गोष्ट नाही. गर्भारपणातल्या संप्रेरकांमुळे काहींचं पित्त तुंबतं. चिली आणि स्कँडिनेव्हियात हे जास्त दिसतं, आणि ब्रिटनमध्ये भारतीय-पाकिस्तानी वंशाच्या बायकांत तिथल्या सरासरीच्या जवळपास दुप्पट. आईला त्रास असतो तो खाजेचा. धोका असतो बाळाला. २०१९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या मोठ्या विश्लेषणाने हा धोका कोणाला, ते स्पष्ट केलं. पित्ताम्लं लिटरला ४० मायक्रोमोलच्या खाली असतील तर बाळ पोटात दगावण्याचं प्रमाण ०.१३ टक्के, १०० आणि त्यापुढे गेली तर ३.४४ टक्के. म्हणून यकृताची नेहमीची रक्तचाचणी (एलएफटी) तेवढी करून चालत नाही, ‘टोटल बाइल ॲसिड्स’ मागावी लागतात, आणि एकदा नॉर्मल आली तरी खाज चालू असल्यास पुन्हा. आकडा शंभरापुढे असेल तर ३५-३६ आठवड्यांत प्रसूती करवण्याचा विचार करतात. अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिडने खाज थोडी कमी होते. बाळाचा धोका त्याने टळतो असं मात्र त्याच वर्षीच्या ब्रिटिश चाचणीत दिसलं नाही, तेव्हा गोळी चालू आहे म्हणून तपासण्या सोडायच्या नाहीत. बाळंतपणानंतर खाज काही दिवसांत जाते. पुढच्या खेपेला ती परत येण्याची शक्यता मोठी असते, म्हणून नाव नोंदवतानाच डॉक्टरांना सांगून ठेवावं.

लहान मुलांत हा त्रास येतो तो जन्मजात दोषांमुळे. पित्ताम्लं यकृताबाहेर ढकलणारा पंपच सदोष, असा एक आनुवंशिक आजार आहे. आईवडील दोघांकडून सदोष जनुक आलं तरच तो होतो, त्यामुळे नात्यातल्या लग्नांत त्याची शक्यता वाढते. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल अजून जिथे आहे तिथल्या डॉक्टरांना हे माहीत असावं लागतं. तान्ह्या बाळाला खाजवताही येत नाही. ते नुसतं किरकिर करतं, डोकं गादीवर घासतं. मग सहा-सात महिन्यांचं झालं की कान आणि डोळे ओरबाडायला लागतं, कानाच्या पाळ्या रक्ताळतात. पित्त तुंबवणाऱ्या अशा जन्मजात आजारांच्या मुलांसाठी २०२१ साली अमेरिकेत दोन औषधं मंजूर झाली, ओडेव्हिक्सिबॅट आणि मॅरालिक्सिबॅट. आतड्याच्या टोकाशी पित्ताम्लं परत शोषणारं दारच ती बंद करतात. कोलेस्टायरामिनचंच काम, पण नेमकं आणि वाळूविना. जुलाब होतात आणि किंमत अवाच्या सवा आहे. याच जातीचं लिनेरिक्सिबॅट पीबीसीच्या प्रौढ रुग्णांसाठी तपासलं गेलं आणि तिसऱ्या टप्प्यातल्या चाचणीत त्याने खाज उतरवली.

औषध चालू असताना घरात काय करावं? गरम पाण्याची आंघोळ सोडावी, कोमट किंवा गार पाण्याने करावी. अंग ओलसर असतानाच खोबरेल किंवा साधं मॉइश्चरायझर लावावं. उटणं आणि खरखरीत साबण नको, कातडी आणखी कोरडी होते. मेंथॉल असलेल्या लोशनने घटकाभर गार वाटतं. सुती, सैल कपडे. थंडीत घोंगडी थेट अंगावर नको, आत सुती चादर हवी. नखं बारीक कापून कानशीने गोल करावीत, झोपताना हातात सुती मोजे घालावेत. यातल्या कशानेही मूळ खाज जात नाही. जखमा चिघळत नाहीत, एवढ्यासाठी हे करायचं.

आणि सगळं करूनही न हटलेली खाज? काही केंद्रांत नाकातून पित्तनळीपर्यंत नळी घालून पित्त बाहेर काढतात, रक्त गाळतात, अतिनील किरणांचा शेक देतात. आराम मिळतो, पण तात्पुरता. शेवटचा उपाय यकृताचं प्रत्यारोपण. प्रत्यारोपणाच्या यादीत क्रम लावणारा ‘मेल्ड’ हा आकडा बिलिरुबिन, क्रिएटिनिन, सोडियम आणि रक्त गोठण्याच्या वेळेवरून काढतात. त्यात खाजेला एक गुणही नाही. त्यामुळे ज्याचं यकृत बाकी बरं चाललंय पण जगणं अशक्य झालंय, तो रुग्ण यादीच्या तळाशी राहतो. आपल्याकडे तर बरीचशी प्रत्यारोपणं घरातल्याच जिवंत माणसाने दिलेल्या यकृताच्या तुकड्यावर होतात. खाजेसाठी भावाने पोट फाडून घ्यायचं का, हा प्रश्न कुटुंबात उघड विचारला जातो. युरोपियन यकृततज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांचं उत्तर आहे की औषधांना न बधणारी तीव्र खाज हे यकृत चालू असतानाही प्रत्यारोपणाचं ग्राह्य कारण आहे. मात्र त्याआधी रुग्णाच्या फाइलमध्ये कोलेस्टायरामिनपासून नॅलट्रेक्सोनपर्यंतची प्रत्येक पायरी पुरेशा मात्रेत आणि पुरेशा दिवसांसाठी दिल्याची नोंद असावी लागते.